पाटे आणि दांडी

जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीत 1959 साली शक्तिमान ट्रक तयार होऊ लागला. जोंगाचे तर नावच ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली’ या शब्दांच्या आद्याक्षरांतून आले. सैन्यातून निवृत्त झालेली अशीच एक जोंगा आम्ही घेतली व तिचे फिरते घर करविले. वृद्ध मातोश्रींना आडवे पडून अमरकंटकास जाता यावे, एवढाच हेतू. (निवृत्ताला पुन्हा कामास जुंपण्याची खोड सरकारी माणसाची!)

परंतु वळणावर गाडी अशी कले की मातोश्री बिछान्याची कड धरून रामनाम घेत. ‘कमानी में एक पत्ता और डलवा लीजिए,’ मिस्त्रींचा सल्ला. आम्हांस तो पटेना. पाटा वाढविला की गाडी ताठरते, प्रत्येक खड्डा निजलेल्याच्या पाठीस कळतो. शिवाय सांगाडा उंचावून भारमध्यही वर सरकतो.

कल रोखणाऱ्या आडव्या दांडीचा स्वभाव निराळा. दोन्ही चाके एकदम उचलली गेली तर ती रबरी बुशांत नुसती फिरते. एकच उचलले गेले तर पिळली जाऊन विरोध करते. मात्र झिजलेले बुश व थकलेले शॉक अॅब्सॉर्बर आधी बदलावे लागले. बांधणाऱ्याने छतावर चढविलेली 100 लिटरांची टाकी, म्हणजे 100 किलो पाणी, आम्ही तळाशी उतरविली. निम्मा फरक तेथेच पडला.

दांडी केवळ मागेच जाड बसविल्यास ओल्या वळणावर गाडीचे मागचे अंग घसरू पाहते. म्हणून पुढेही एक बसविली, आणि मागची बारीक ठेवली.