टॅक्सी

पेट्रात टॅक्सी म्हणजे गाढव. "टॅक्सी, मॅडम? एअर कंडिशन!" अशी हाळी देत बेदुइन पोरं मागे येतात. एअर कंडिशन म्हणजे अर्थात वाळवंटातला वारा.

जॉर्डनमधलं नबातियन लोकांचं हे शहर डोंगरांत इतकं पसरलंय, की काय पाहायचं यापेक्षा कशाने जायचं हाच प्रश्न मोठा. आईच्या गुडघ्यांमुळे तो मी घरूनच सोडवून आणला होता. पूर्वी इथे घोडागाड्या असत. २०२१ पासून विजेवरच्या गाड्या आल्या. सीक नावाच्या अरुंद घळीतून त्या थेट अल-खझ्नेसमोर सोडतात. (खझ्ने म्हणजे आपला खजिनाच.)

पण गाडी जिथे थांबते, तिथून तर पेट्रा सुरू होतं. थडगी, डोंगरात कोरलेलं नाट्यगृह, खांबांचा रस्ता. दीड-दोन किलोमीटर वाळू आणि ऊन. आई छत्री टेकत चालली. अद-दैरच्या पायथ्याशी मात्र थबकली. वर आठशेहून जास्त पायऱ्या, कित्येक झिजून गुळगुळीत. टॅक्सीवाला पोरगा भाव सांगत होता, मी मध्ये दुभाषी. आईने गाढवाच्या पायांकडे पाहिलं.

"आणि ह्याचे गुडघे?"

हे मी त्याला सांगितलं नाही. सांगणार तरी कोणत्या तोंडाने? तो ब्दूल जमातीचा. १९८५ साली पेट्रा जागतिक वारसा ठरलं, आणि त्याच सुमारास इथल्या गुहांत राहणाऱ्या ब्दूलांना शेजारच्या उम्म सैहून वस्तीत हलवलं गेलं. आजोबांची गुहा त्याने मला लांबूनच बोटाने दाखवली. जमातीच्या नावाची एक व्युत्पत्ती 'बदलणे' या अर्थाच्या अरबी धातूशी नेऊन भिडवतात. आपल्याकडची बदलीही तिथलीच. एरवी असं काही सापडलं की मी दिवसभर खूश असते.

वर मी एकटीच गेले. दैर भव्य आहे. माझं अर्धं लक्ष खाली होतं. उतरताना ध्यानात आलं, परतीची वाट चढाची, आणि गाडी पार खझ्नेपाशी. एवढं काही मी घरून सोडवलं नव्हतं.

आईने उरलेलं पाणी प्यायलं. "बोलव त्याला," म्हणाली.

खझ्नेपर्यंत तिचा हात गाढवाच्या मानेवर होता. मराठीत त्याला सांगत होती, "हळू रे बाबा, आपल्याला घाई नाही."