हदगाव आणि नांदेडहून तीन पत्रं

हदगाव, 18 नोव्हेंबर 2024

ती. बाबांस सा. न.

नांदेडहून निघालेली एसटी अर्धापूरच्या केळीबागा मागे टाकून वारंगा फाट्यावर थांबली. तिथली खिचडी खाऊन दुपारी हदगावात पोचले. वाटेत हळद हिरवीगार उभी आहे, पण बसमधली माणसं बोलत होती ती सोयाबीनबद्दल. हमीभाव 4892 रुपये आणि बाजारात त्याहून कितीतरी कमी. प्रचार आज संध्याकाळी थांबला. भोंगे बंद झाल्यावर गावाला आपला आवाज परत मिळाला.

निघताना तुम्ही विचारलं होतं, हदगाव कोणत्या पक्षाचं? इथे उत्तर पक्षात मिळत नाही, गावाच्या नावात मिळतं. आष्टीकर, जवळगावकर, कोहळीकर. सुभाष वानखेडे इथून शिवसेनेचे तीनदा आमदार झाले, 2009 मध्ये सूर्यकांता पाटलांना हरवून हिंगोलीचे खासदार झाले. पुढे 2014 मध्ये राजीव सातवांनी त्यांना अवघ्या 1632 मतांनी हरवलं. 2019 ला तेच वानखेडे काँग्रेसचं तिकीट घेऊन शिवसेनेविरुद्ध उभे राहिले आणि मोठ्या फरकाने हरले. विधानसभेला 2014 मध्ये शिवसेनेचे नागेश पाटील आष्टीकर आले, 2019 मध्ये काँग्रेसचे माधवराव पाटील जवळगावकर. या एप्रिलमध्ये लोकसभेला दोन्ही शिवसेनांचे उमेदवार याच भागातले होते: ठाकऱ्यांकडून आष्टीकर, शिंद्यांकडून बाबुराव कदम कोहळीकर. आष्टीकर लाखाहून जास्त मतांनी निवडून आले. आता कोहळीकर जवळगावकरांसमोर उभे आहेत.

आणखी एक गोष्ट नकाशा पाहिल्याशिवाय कळत नाही. हदगाव जिल्ह्याने नांदेडचं, लोकसभेने हिंगोलीचं. त्याच मतदारसंघात पैनगंगेपलीकडचं विदर्भातलं उमरखेडही येतं. त्यामुळे खासदार याच भागातला असला, तरी तो कोणाचा हा प्रश्न इथे थोडा लांबचा राहतो आणि आमदार घरचा.

तुमची सुधा


हदगाव, 20 नोव्हेंबर, रात्री

ती. बाबांस,

मतदान शांततेत झालं. सकाळी पुरुषांच्या रांगा होत्या. दहानंतर बायका आल्या, आणि दुपारपर्यंत त्यांचीच रांग लांब झाली. ‘लाडकी बहीण’ योजनेचे दीड हजार खात्यावर आलेत, हे त्या उघडपणे बोलत होत्या. त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं. शेतमजुरीच्या हिशोबात दीड हजार ही खरी रक्कम आहे, आणि ती आयुष्यात पहिल्यांदा आपल्या नावाच्या खात्यावर आल्याचं मोल मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. पण त्याच रांगेत एक आजी सोयाबीनचा भाव आणि नातवाचं आरक्षण याच दोन गोष्टी धरून बसल्या होत्या. मत कुणाला, ते मी विचारलं नाही.

मला जास्त लागलं ते रांगेत न दिसणाऱ्या लोकांचं. एका तांड्यावर गेले होते. कितीतरी दारांना कुलपं. म्हातारी माणसं आणि शाळेतली मुलं मागे राहिलीत. बाकीचे ऊसतोडीला गेले. यंदा गाळप हंगाम सरकारने 15 नोव्हेंबरला सुरू केला आणि मतदान 20 ला! आगाऊ उचल घेतलेल्या कोयत्याला, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोडप्याला, मुकादम सांगेल त्या दिवशी गाडीत बसावं लागतं. कुणी हैदराबादला बांधकामावर आहेत, कुणी पुण्यात. नावं सगळ्यांची इथल्याच यादीत.

बाबा, तुम्ही किती निवडणुकांना केंद्राध्यक्ष होतात! यादीतल्या ज्या नावापुढे खूण झाली नाही ते नाव उदासीन मतदाराचं, असंच आपण धरत आलो. इथे ते चुकीचं आहे.


नांदेड, 24 नोव्हेंबर

ती. बाबांस,

निकाल तुम्ही टीव्हीवर पाहिलेच असतील. हदगावात कोहळीकर सुमारे 30 हजारांनी जिंकले. एप्रिलच्या मतदानात हरलेल्या माणसाला सात महिन्यांच्या आत आमदार केलं. नांदेड जिल्ह्याच्या नऊच्या नऊ जागा महायुतीला गेल्या. आणि त्याच दिवशी, शेजारच्या नांदेड लोकसभेच्या पोटनिवडणुकीत काँग्रेसचे रवींद्र चव्हाण 1457 मतांनी निवडून आले! त्या लोकसभेतल्या सहाही विधानसभा महायुतीकडे. म्हणजे हजारो लोकांनी एकाच खोलीत, दोन यंत्रांवर, वेगवेगळी बटणं दाबली. मराठवाड्याचा मतदार लाटेत वाहतो असं लिहिणाऱ्यांनी एवढा एक निकाल तरी नीट वाचावा. हा मतदार दिल्लीसाठी वेगळा विचार करतो आणि मुंबईसाठी वेगळा.

राज्यात मतदान 66 टक्क्यांच्या पुढे गेलं, 1995 नंतर इतकं झालं नव्हतं. कुलाब्यात मात्र 44 टक्क्यांच्या आसपासच. तिथल्या न आलेल्या मतदाराला आणि कुलूप लावून उसाच्या फडावर गेलेल्या मतदाराला एकाच आकड्यात मोजणं मला पटत नाही. 85 वर्षांवरच्यांसाठी निवडणूक आयोग घरी मतपेटी नेतो, सैनिकाला टपाली मत आहे. ऊसतोड कामगाराला काही नाही. जानेवारी 2023 मध्ये आयोगाने स्थलांतरितांसाठी दूरस्थ मतदान यंत्र दाखवलं होतं, एका यंत्रावर 72 मतदारसंघांचं मतदान घेता येईल असं. पक्षांनी शंका काढल्या, काही शंका योग्यही होत्या. पण शंका दूर करण्याचं कामच कुणी पुढे नेलं नाही.

आपल्या शिरोळच्या शिवारात आता ऊसतोडीच्या टोळ्या उतरल्या असतील. त्यांच्यापैकी कितीजण मत देऊन आले, ते एकदा खोपीवर जाऊन विचारा. आणि तुम्ही कारखान्याचे सभासद आहात, तेव्हा येत्या वार्षिक सभेत उठून एवढं मागा: निवडणुकीच्या वर्षी मतदान झाल्यावरच टोळ्यांना बोलवा, आणि आधी बोलावल्या असतील तर मतदानाच्या दिवशी जाण्यायेण्याची गाडी कारखान्याने द्यावी.

तुमची सुधा