रिकामी पुंगळी

जळगावकराला काडतुसांचं काय कौतुक? वरणगावची ऑर्डनन्स फॅक्टरी आपल्याच जिल्ह्यात. तिथून रिटायर झालेल्या मामांना विचारलं, "वापरलेल्या पॉइंट टू-टू घरी पुन्हा भरल्या तर?"

"नाही भो! थ्री-टूची टोपी तळाच्या मधोमध, ती बदलता येते. टू-टूचा मसाला कडेत. पिनने कड चेपली की पुंगळी बाद."

झालं, माझं कारखानदारीचं स्वप्न तिथेच फुस्स... पण २०१८ला जकार्ता एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तूलचं सुवर्ण राही सरनोबतने टू-टूवरच मारलं ना. मग माझ्या हाती उरतं ते लॉट निवडणं. पिस्तूल टेकवून प्रत्येक लॉटच्या दहा गोळ्या मारायच्या, छिद्रं जवळजवळ पडली तो आपला. या पगारात दोनच लॉट झाले. दुसरा बरा वाटतोय. तिसरा एक तारखेनंतर.