पणजोबा कुणाच्या टोळीत होते?

‘आमचे मूळपुरुष रेल्वेच्या कामावर आले,’ एवढंच वलवण-खंडाळ्याकडच्या एखाद्या घरात कळतं. कुठल्या गावाहून आले, मुकादम कोण होता, हे विचारलं की घरातली आठवण संपते.

बोरघाटातलं काम १८५६च्या जानेवारीत सुरू झालं. १४ जून १८५८ला खंडाळा ते पुणे गाडी धावू लागली, पण खालून वर रूळ नव्हते. पाच वर्षं उतारू डोलीतून, तट्टावरून घाट चढून खंडाळ्याची गाडी धरत. कोकण संपतं आणि देश लागतो त्या काठावर तेव्हा मजुरांच्या झोपड्या पडल्या होत्या, दिवसभर सुरुंग उडत होते, आणि पटकीची साथ आली की वस्तीच्या वस्ती ओस पडत होती.

१८५९च्या जानेवारीत थकलेल्या मजुरीवरून इथं दंगा पेटला. ठेकेदार फेव्हिएल यांनी काम सोडलं. नवे ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल आले आणि काही दिवसांतच वारले. मग त्यांच्या पत्नी ॲलिस यांनी ठेका अंगावर घेतला, दोन अभियंते नेमले आणि घाट पुरा करवून घेतला. बाईंची हिंमत मोठीच. त्यांचं नाव राहिलं, त्यांनी काढलेली घाटाची छायाचित्रंही राहिली. त्यांच्या हाताखाली १८६१मध्ये ४२,००० माणसं राबत होती. पंचवीस बोगदे फोडणाऱ्या या माणसांचा कागदावर उरला तो आकडा. हा अन्याय आहे, आणि पणतवंडांना तो आजही सोसावा लागतो.

घाटातल्या जुन्या हमरस्त्यावर शिंग्रोबा धनगराचं देऊळ आहे. साहेबाला घाटाची वाट दाखवली आणि त्यापायी जीव गमावला, असं त्याच्याबद्दल सांगतात. त्याचं नाव लोकांनी जपलं, सरकारी दप्तराने नव्हे.

पुढे वलवणला टाटांचं धरण झालं, १९१५मध्ये त्या पाण्यावर खोपोलीत वीज निघू लागली. त्या कामालाही घाटावर नव्या टोळ्या आल्या, त्यामुळे कोण कधी आलं याचा गुंता वाढला.

तरी एक धागा हाती लागतो तो कुळाचाराचा. लग्नाची पहिली अक्षत कुठल्या देवाला जाते, जत्रेला कुठं जातात, हे म्हाताऱ्या बायकांना पाठ असतं. त्यावरून मूळ गाव सापडलं, तर त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांच्या वह्या उघडता येतात. तिथं गाव आणि आडनावावरून नोंद शोधतात. यात्रेला गेलेल्या माणसाने बापाचं, आज्याचं नाव स्वतः सांगून तिथं लिहवून घेतलेलं असतं.