आमचे मत्स्यपुराण

परप्रांतात बदलून गेलेल्या माणसाला पहिले सहा महिने कोणीही काहीही शिकवावे आणि त्याने ते मुकाट्याने ऐकावे, असा एक अलिखित नियम आहे. भाजी कोठे ताजी मिळते, दूध कोणाकडून घ्यावे, साहेबांपुढे कागद कोणत्या वेळी न्यावा आणि कोणत्या वेळी नेऊ नये, हे सारे त्याला जुनी मंडळी सांगतात. सातव्या महिन्यात दुसरा कोणी नवा बदलून येतो, आणि कालचा हा विद्यार्थी एका रात्रीत गुरू होतो. कोलकात्यात आमचेही असेच झाले. मात्र आमचे गुरुपद भाजीपाल्यापाशी थांबले नाही. ते माशांपर्यंत गेले.

आम्ही साताऱ्याकडचे. आमच्या घराण्यात मासा कोणी कधी तोंडात घातल्याचे ऐकिवात नाही. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ साली सुरू झालेले तारापोरवाला मत्स्यालय शाळेच्या सहलीत पाहिले होते, तेवढाच काय तो आमचा त्या जातीशी परिचय. आणि त्यातही डबा कोठे बसून खायचा याकडेच आमचे अधिक लक्ष होते. अशा माणसाने बंगाल्यांना माशांविषयी चार गोष्टी सांगाव्यात हा प्रकार कोणालाही हास्यास्पद वाटेल. तो आम्हांला वाटला नाही, एवढेच.

घडले ते असे. आमच्या आधी त्या क्वार्टरमध्ये जे गृहस्थ राहत होते, त्यांनी जाताना पडदे, पंखे, दोन कुंड्या आणि एक काचेची टाकी मागे ठेवली. टाकी तीन फूट लांब. शंभरेक लिटर पाणी मावेल एवढी. तीत दोन गोल्डफिश आणि एक काळपट, खवल्यांऐवजी चिलखत घातल्यासारखा दिसणारा मासा काचेला तोंड लावून बसलेला. किल्ल्यांबरोबर एक चिठ्ठी होती. तीत गॅसवाला, कपडे नेणारा, वर्तमानपत्रवाला यांची सविस्तर माहिती होती आणि टाकीविषयी दोनच वाक्ये होती: “सकाळी चिमूटभर खाणे. दगड धुऊ नयेत.”

पहिले वाक्य आम्ही पाळले. दुसरे वाचून आम्ही हसलो. दगड धुऊ नयेत! आळशी माणूस आपल्या आळसाला कसे नियमाचे रूप देतो, याचा हा उत्तम नमुना आहे, असे आम्ही सौभाग्यवतींना म्हटल्याचेही स्मरते. आम्हीही दगड धुतले नाहीत, ही गोष्ट निराळी. आमचे कारण मात्र नियम नव्हता.

मासे जगले. चार महिने जगले, सहा महिने जगले, अंगाने भरले, आम्ही काचेजवळ गेलो की पुढे येऊ लागले. पाणी नितळ राहिले. पाहुणे कौतुक करू लागले. बदलून आलेला अधिकारी चालत्या कचेरीत जाऊन बसतो आणि सहा महिन्यांनी ती आपणच चालवतो असे मानू लागतो, तसे आम्ही मानू लागलो. मग वसाहतीत कोणी माशांचा विषय काढला की आमच्या तोंडून वाक्ये बाहेर पडू लागली. ती कोठून येत होती, कोण जाणे. काही पाहुण्यांकडून ऐकलेली, काही दुकानावर उभे राहून कानी पडलेली, काही तर त्या क्षणी सुचलेली. “गोल्डफिश भांड्याच्या मानानेच वाढतो.” “माशाला दोन क्षणांपलीकडची आठवण नसते.” “एक सकर टाका, टाकी आपोआप स्वच्छ राहते.” यांतले एकही वाक्य खरे नाही. पण ती छोटी होती, ऐटदार होती आणि ऐकणाऱ्याच्या लक्षात राहत होती. त्या दिवसांत आम्ही एकदाही कोणाला उलट प्रश्न विचारल्याचे आठवत नाही.

तिसऱ्या मजल्यावर एक बंगाली कुटुंब राहत असे. त्यांचा नऊ-दहा वर्षांचा मुलगा आम्हांला ‘काकू’ म्हणे. बंगालीत काकू म्हणजे काका, हे ठाऊक होईपर्यंत पहिले काही दिवस आम्ही त्याच्या हाकेला ओ न देता स्वयंपाकघराकडे पाहत असू. या मुलाला वाढदिवसाला काचेचे एक गोल भांडे मिळाले. सात-आठ लिटर पाण्याचे असेल. भांडे घेऊन तो खाली आला, आणि सोबत वही घेऊन आला. आमचे बोलणे आजवर कोणी लिहून घेतले नव्हते. कचेरीतसुद्धा नाही. आम्ही आरामखुर्चीत सावरून बसलो.

त्याच्या मनात दोन मासे घ्यायचे होते. आम्ही सांगितले, चार घे, भांडे भरलेले दिसले पाहिजे. पाणी नळाचे भर आणि मासे त्याच दिवशी सोड. खाणे दिवसातून तीनदा. पाणी गढूळ झाले की सगळे ओतून टाकून नवे भर. आणि दगड, आम्ही आवाज किंचित उंचावून म्हणालो, दर आठवड्याला नळाखाली स्वच्छ धू. आमच्या आधीच्या गृहस्थांचा आळस पुढच्या पिढीत उतरू नये अशी आमची प्रामाणिक इच्छा होती. मुलाने सर्व क्रमवार लिहून घेतले, शेवटच्या कलमाखाली रेघ ओढली आणि “थँक यू, काकू” म्हणून तो गेला.

तिसऱ्या दिवशी तो सांगत आला की पाणी दुधासारखे झाले आहे. आम्ही म्हटले, सगळे बदल. सहाव्या दिवशी तो पुन्हा आला. मासे सारखे वर येतात आणि पाण्याबाहेर तोंड काढून उघडमीट करतात. असे का करतात? आम्ही क्षणभरही विचार केला नाही. “भूक लागली असेल. आणखी थोडे घाल.” त्याने घातले. दहाव्या दिवसापर्यंत दोन मासे गेले, तेराव्या दिवशी तिसरा. मुलाने आम्हांला बोल लावला नाही. त्याची समजूत अशी झाली होती की वहीतले काहीतरी करायचे आपल्याकडूनच राहिले. तो वही उघडून आम्हांला दाखवीत होता, रोज किती वाजता खाणे घातले ते, पाणी कधी बदलले ते. एकही दिवस चुकला नव्हता.

आम्ही रविवारी सकाळी गॅलिफ स्ट्रीटला गेलो. उत्तर कोलकात्यातल्या या रविवारच्या बाजारात रोपे, पक्षी आणि रंगीत मासे विकायला येतात. हवा भरून फुगवलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांतून मासे ओळीने टांगलेले असतात. तीन सारखेच मासे घ्यावेत, मुलगा शाळेत असताना भांड्यात सोडावेत आणि प्रकरण मिटवावे, असा आमचा बेत होता. एका म्हाताऱ्या विक्रेत्यापुढे आम्ही उभे राहिलो आणि तीन गोल्डफिश मागितले. त्याने पिशवीला हात लावला नाही. भांडे केवढे, असे विचारले. मग पाणी कितव्या दिवसाचे, आधीचे किती होते, कसे मेले, वर येत होते का, दगड कोणी धुतले. आम्ही एकेक उत्तर देत गेलो, आणि प्रत्येक उत्तरागणिक आमचा आवाज खाली येत गेला. शेवटी तो म्हणाला, “आज मासे नका नेऊ, बाबू. दीड महिन्याने या.” आम्हांला गिऱ्हाईक म्हणून नाकारणारा तो आयुष्यातला पहिला दुकानदार.

त्याने जे तुटक हिंदीत सांगितले ते आम्ही पुढे पुस्तकांतून पडताळून पाहिले. माशाच्या कल्ल्यांतून आणि मलातून पाण्यात अमोनिया उतरतो. उरलेले खाणे कुजले की त्यात भर पडते. हा अमोनिया कल्ले जाळतो. दगडांवर, वाळूवर, फिल्टरच्या कापडावर वाढणारे एक प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसऱ्या प्रकारचे त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात, आणि नायट्रेट मासा बराच सोसू शकतो. विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९०च्या सुमारास हे जिवाणू वेगळे करून दाखवले. गोड्या पाण्याच्या टाक्यांत दुसऱ्या टप्प्याचे काम मुख्यतः नायट्रोस्पायरा नावाचे जिवाणू करतात, हे तर १९९८ साली पुढे आले. तोवर पुस्तके त्याचे श्रेय दुसऱ्याच जिवाणूला देत होती. हे वाचून आम्हांला थोडे बरे वाटले, हे कबूल करतो. नव्या भांड्यात ही वस्ती वसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासे घालणे म्हणजे घाण नेण्याची सोय होण्यापूर्वीच गाव वसवणे. आणि नळाच्या पाण्यातले क्लोरीन हे जिवाणू मारण्यासाठीच असते, त्याला आपले-परके कळत नाही. मुलगा दर आठवड्याला नळाखाली दगड धूत होता, तेव्हा जे थोडेबहुत जीव रुजले असतील ते आमच्याच आज्ञेने वाहून जात होते.

वर येऊन तोंड उघडणारे ते मासे भुकेलेले नव्हते. नायट्राइट रक्तात शिरले की रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही. पाण्यात तो असूनही मासा गुदमरतो. त्यांचा श्वास कोंडत होता आणि आम्ही त्यांना आणखी खाणे घालायला लावले. बंगालमध्ये माशांची पिल्ले ॲल्युमिनियमच्या हंड्यांतून दूरवर नेणारे लोक वाटभर त्या पाण्यावर हाताने थापट्या मारीत असतात, ते आगगाडीत आम्ही अनेकदा पाहिले होते. त्या आवाजाने झोप मोडते म्हणून कुरकुरही केली होती. पाण्यात हवा मिसळावी म्हणून ते हात चालतात, हे विचारण्याची बुद्धी आम्हांला झाली नाही.

आमचे मासे जगत होते ते आधीच्या गृहस्थांच्या तीन वर्षांच्या पुण्याईवर. त्यांच्या न धुतलेल्या दगडांवर.

गोल्डफिश भांड्याच्या मानाने वाढतो, हेही तसेच. तो नीट वाढला तर वीतभर होतो आणि दहा-वीस वर्षे जगतो. लहान भांड्यात खुरटतो आणि लवकर मरतो, त्यालाच लोक ‘मानाने वाढणे’ म्हणतात. इंग्लंडात यॉर्कशायरमध्ये १९५६ साली जत्रेत बक्षीस मिळालेला एक गोल्डफिश १९९९ साली ४३ वर्षांचा होऊन वारला. म्हणजे सरकारी नोकरीत लागून, निवृत्त होऊन, वर काही वर्षे पेन्शन खाऊन.

सकरविषयी लिहिताना मात्र हात आखडतो. हा दक्षिण अमेरिकेतला मासा. लहानपणी शेवाळ खातो म्हणून ‘सफाईवाला’ म्हणून विकला जातो, आणि पुढे हातभर होतो. कचेरीतल्या एका सहकाऱ्याने आमच्याच शिफारशीवरून घेतलेला सकर टाकीत मावेनासा झाला, तेव्हा त्यांनी पुन्हा आमचाच सल्ला घेतला. आम्ही उदारपणे म्हटले, “मारू नका हो. शहराबाहेर एवढे पाणी आहे, सोडून द्या.” पूर्व कोलकात्याच्या पाणथळ जागा २००२ साली रामसर यादीत गेल्या. शहराच्या सांडपाण्यावर तेथे पिढ्यानपिढ्या रुई-कातला वाढवले जातात. त्या तळ्यांत आज हा सकर आहे. त्याचे काटेरी चिलखत जाळी फाडते, इतर माशांचे अन्न तो खातो, आणि बाजारात त्याला कोणी विचारीत नाही. आमच्या सल्ल्याचा मासा त्यांतलाच एक झाला की नाही, हे सांगता येणार नाही. सहकाऱ्यांना मात्र तो पुण्याचा एक छोटासा प्रसंग म्हणून अजून आठवतो, आणि ते आमचे आभार मानतात.

त्या रविवारी संध्याकाळी आम्ही तिसऱ्या मजल्यावर गेलो. आपल्या टाकीतले ओंजळभर दगड तिच्याच पाण्यात बुडवून डब्यातून नेले होते. जुन्या दगडांबरोबर वस्तीही जाते, असे म्हाताऱ्याने सांगितले होते. उरलेला एक मासा आमच्या टाकीत हलवायचे ठरले. मग आम्ही मुलाला म्हटले, की वहीत लिहिलेले बहुतेक चूक होते आणि ते आमचे चूक होते, तुझे नव्हे. त्याची आई आतून चहा घेऊन येता येता दारातच थांबली. मुलाने वहीचे नवे पान काढले, पेन्सिल हातात घेतली, आणि लिहायला सुरुवात करण्यापूर्वी विचारले, “हे तुम्हांला कसे कळले, काकू?”

हा प्रश्न त्याने पहिल्या खेपेस विचारला असता तर, असे आमच्या मनात आले. आम्ही बाजाराचा, म्हाताऱ्याचा सारा वृत्तान्त सांगितला. पुढच्या रविवारी त्याला घेऊन गॅलिफ स्ट्रीटला गेलो. तो आणि म्हातारा बंगालीत तासभर बोलत राहिले. आम्ही पिशवी धरून उभे होतो.

यंदा आमची बदली झाली. टाकी बरोबर नेणे शक्य नव्हते. आमच्या जागी येणाऱ्यांसाठी चिठ्ठी लिहायला बसलो, तेव्हा पाहता पाहता चार पाने झाली. ती फाडली. गॅसवाला, कपडे नेणारा, वर्तमानपत्रवाला यांची माहिती तशीच उतरवली, आणि खाली लिहिले: “सकाळी चिमूटभर खाणे. दगड धुऊ नयेत. अधिक काही विचारायचे असल्यास तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाला विचारावे. तो शाळेतून चार वाजता येतो.”