परतीचा पत्ता

पाठविणाऱ्याचा पत्ता लिहिल्याखेरीज पाकीट चिकटवावयाचे नाही, हा आमच्या वडिलांचा दंडक होता. पत्र पोचले नाही तर निदान घरी परत यावे, एवढाच त्यांचा हेतू. या दंडकाचे मोल आम्हांला उमगले ते १९९० साली, हैदराबादेतील एका संस्थेच्या संगणक कक्षात नोकरी करीत असताना.

त्या काळी संगणकांची जाळी अनेक होती आणि पत्ता लिहिण्याची प्रत्येकाची रीत निराळी. अर्पानेटवर रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये योजलेले '@' हे चिन्ह चाले. आधी व्यक्तीचे नाव, मग यंत्राचे. यूयूसीपी जाळ्यात मात्र वाटेतील प्रत्येक थांबा उद्गारचिन्हाने जोडून लिहावा लागे. दोन्ही चिन्हे एकाच पत्त्यात आली की आधी कोणते सोडवावे, यावर यंत्रांचे एकमत नसे.

जाण्याचा पत्ता पाठविणारा लिहितो. परतीचा पत्ता मात्र वाटेत घडत जाई. प्रत्येक थांब्याने पत्र पुढे देताना परतीच्या पत्त्याच्या आरंभी आपले नाव जोडावयाचे. जॉन पोस्टेल यांच्या १९८२ च्या एसएमटीपी नियमावलीतही हीच रीत होती. एकाने जरी कुचराई केली, तरी पत्र पोचे. उत्तर मात्र हरवे.

त्या वर्षी आमची आई अंथरुणाला खिळली. धाकटा भाऊ अमेरिकेत शिकत होता. त्याला धाडलेले पत्र दुसऱ्याच दिवशी पोचले. 'निघू का?' असे त्याने तत्काळ विचारले. परंतु वाटेतील एका यंत्राने परतीच्या पत्त्यात स्वतःचे नाव घालताना आमच्या यंत्राचे नाव गाळले होते. उत्तर तिथवर आले. तेथे आमच्या नावाचे कोणी नव्हते. पत्र पोचले नसल्याची सूचना त्याला मिळण्यास चार दिवस लागले. तोवर तो आमच्या होकाराची वाट पाहत बसला, आणि आम्ही त्याच्या मौनाचा राग धरून बसलो. अखेर त्याने दूरध्वनी केला. तो घरी आला तेव्हा आईची वाचा गेली होती. तिने त्याचा हात मात्र धरून ठेवला.

पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडलेली नावांची व्यवस्था पुढे सर्वत्र रुजली आणि पत्त्यात वाट लिहिण्याची गरज सरली. आता नाव तेवढे पुरे. वाट यंत्रे शोधतात.

आपल्यासारख्या घराण्यांचेही असेच झाले आहे. आमच्या आडनावात कोकणातील एक गाव आहे, पण तेथून हैदराबादेपर्यंतचे थांबे कोणी लिहून ठेवले नाहीत. आईला त्यांतील दोन ठाऊक होते. विचारावयाचे राहून गेले.

भाऊ आजही ई-पत्राच्या तळाशी आपला संपूर्ण पत्ता लिहितो. आम्हीही लिहितो. गरज नाही, हे दोघांनाही ठाऊक आहे.