एस.टी.चा दांडा

कबड्डीत चढाई करताना माझा उजवा खांदा पहिल्यांदा निखळला. दुसऱ्यांदा बारामती-इंदापूर एस.टी.त. हात वरच्या दांड्याला आणि ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला!

कॉन्व्हेंटमध्ये 'बॉल अँड सॉकेट जॉइंट' घोकला होता. पण खांद्याची ती खोबण किती उथळ असते, हे आता कळलं. हात सगळीकडे फिरतो, त्याचीच ही किंमत. मग गोळा जागेवर धरतात ते अस्थिबंध आणि भोवतालचे चार स्नायू.

23 मार्च 2021 ला गहुंजेत सूर मारताना श्रेयस अय्यरचा खांदा निसटला. त्याचं ऑपरेशन झालं, सप्टेंबरमध्ये तो पुन्हा खेळला. मला वाटलं, आता आपलंही ऑपरेशनच! फिजिओथेरपीच्या मॅडम म्हणाल्या, "आधी व्यायाम करून पाहू. पण या वयात पुन्हा निखळायचा धोका जास्त, तेव्हा टाळाटाळ नको."

मग रोज कोपर बरगडीला चिकटवून रबरी पट्टा बाहेर ओढायचा, भिंतीवर जोर काढायचे. हॉस्टेलची पोरं ओरडायची, "पहिलवान, भिंत पडेल!"

तीन महिने झाले. आई म्हणते, कबड्डी सोड. मैदानावर अजून गेलो नाही. पण गेल्या शनिवारी इंदापूरला जाताना दांडा आधी डाव्या हाताने धरला, मग हळूच उजव्याने.